बंदराबाहेर ठेवलेल्या माणसांचा हिशेब मागा

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री,
मा. परराष्ट्रमंत्री,
तसेच जिनिव्हा आणि लंडन इथे भारताच्या वतीनं बोलणारे सर्व अधिकारी

विषय : महासाथीच्या काळात भारतीय खलाशांना बंदरात उतरू न देणाऱ्या देशांना जाब विचारण्याबाबत

महोदय,

जगातल्या खलाशांमध्ये भारताचा वाटा 20 टक्क्यांवर न्यायचा, असं आपलं सरकार गेली काही वर्षं सांगत आलं आहे. आज तो दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आमच्या गुहागर-दापोलीकडची, गोव्यातली, मुंबईतली आणखी कितीतरी पोरं बोटीवर जाणार. जाऊ देत. इथे शेती किती आणि त्यात पिकतं किती, ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण 2020 साली जे बोटीवर होते त्यांचं काय झालं, कुठल्या देशानं कुठला नियम मोडला आणि भारतानं त्याला लेखी काय विचारलं, याचा एक कागद सरकारनं आजवर आम्हा घरच्यांपुढे ठेवलेला नाही. नवे करार होतात, टाळ्या वाजतात, फोटो येतात. मागची बाकी कोणी काढत नाही. ती निघावी म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी वकील नाही. माझा नवरा धान्य-कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या बोटीवर (बल्क कॅरियरवर) एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी आहे. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं होतं आणि 2020 च्या शिमग्याला तो घरी यायचा होता. शिमगा गेला, गणपती गेले, पुढचा शिमगा तोंडावर आला तेव्हा तो घरी आला. मधल्या काळात बोटींना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला की एकच उत्तर मिळायचं, ‘रिलिव्हर (त्याच्या जागी जाणारा माणूस) तयार आहे, पोर्ट परवानगी देत नाही.’ कुठलं पोर्ट, कुठल्या आदेशानं, किती दिवस, यातलं काही कोणी सांगायचं नाही. म्हणून मीच वाचायला बसले. आधी मुलीच्या मदतीनं, मग आसपासच्या घरांचे अर्ज लिहून देता देता सवयीनं. आज आमच्या पंचक्रोशीतल्या बोटीवाल्यांच्या बायका कलमांचे आकडे तोंडपाठ सांगतात. त्यांना ते सांगावे लागतात, यातच सगळं आलं.

आधी कायदा काय होता ते सांगते, कारण ‘तेव्हा नियमच नव्हते, जग गोंधळलेलं होतं’ हे मी फार वेळा ऐकलं आहे.

नियम होते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 2005 ही जून 2007 पासून लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे सगळे सदस्य देश तिनं बांधलेले होते. तिचं कलम 28 म्हणतं की सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून रोखता येणार नाही, माणसं चढवण्या-उतरवण्यापासून, माल, पाणी, अन्न, इंधन घेण्यापासून अडवता येणार नाही. कलम 43 देशांना जास्तीची बंधनं घालायला मोकळीक देतं, हे खरं. पण त्याला शास्त्रीय आधार हवा, आणि त्याच कामाला पुरेल असा कमी जाचक उपाय हाताशी असेल तर तोच वापरायला हवा. प्रवाशांना किंवा मालाला 24 तासांहून जास्त अडवलं, तर ते का अडवलं हे संघटनेला कळवावं लागतं, तेही 48 तासांत. ज्या देशाच्या माणसांना झळ पोचली, तो देश समोरच्याला चर्चेला बोलावू शकतो. आणि चर्चेनं भागलं नाही तर कलम 56 आहे : वाटाघाटी, महासंचालकांची मध्यस्थी, दोघे तयार असतील तर लवाद.

दुसरा कायदा सागरी कामगार करार 2006. भारतानं तो 2015 मध्ये मान्य केला, चीननंही त्याच वर्षी, ऑस्ट्रेलिया आणि जपाननं त्याआधीच. घरी परत जाण्याचा हक्क मिळायच्या आत खलाशाला जास्तीत जास्त किती काळ बोटीवर ठेवता येतं? बारा महिन्यांहून कमी. रजा धरली तर अकरा. बंदर ज्या देशाचं, त्यानं खलाशाच्या घरवापसीला आणि त्याच्या जागी दुसरा माणूस चढवायला मदत करायची. बंदरात उभ्या जहाजावर कोणाला तातडीनं उपचार हवे असतील, तर किनाऱ्यावरच्या दवाखान्यात त्याला जाऊ द्यायचं. हे सगळं सह्या करून दिलेलं होतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार दुखणाऱ्या दाताची. हसू नका. नवऱ्याच्या दाढेत पू झाला तेव्हा बोट पूर्व आशियातल्या एका बंदरात गहू उतरवत होती. जबडा सुजून डोळा अर्धा मिटलेला, अंगात ताप. बोटीवर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असते आणि तो रेडिओवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून गोळ्या देतो. त्यानं ॲमॉक्सिसिलिन दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या, बिचारा आणखी काय करणार? कॅप्टननं दंतवैद्यासाठी अर्ज पाठवला. बंदरातला एजंट आला तो पांढऱ्या पोशाखात, गँगवेच्या (बोटीवर चढायच्या शिडीच्या) खालच्या पायरीशी थांबला. कागद दोरीला बांधलेल्या बादलीतून वर गेले, सह्या होऊन बादलीतून खाली आले. भाजीची खोकी क्रेननं वर घेतली. क्रेनचे ग्रॅब चार दिवस गहू उपसत राहिले. माणसाला मात्र खाली पाय ठेवायची परवानगी मिळाली नाही. ज्या जहाजावर तीन आठवडे बाहेरचं कोणी चढलेलं नव्हतं, त्यावरच्या माणसापासून त्या शहराला किती धोका होता? चाचणी करायची होती, करा. गाडीतून नेऊन गाडीतून आणायचं होतं, आणा. यातलं काहीच शक्य नव्हतं असं कोणी म्हणालं नाही. ‘परवानगी नाही’ एवढंच म्हणाले. ती दाढ शेवटी मुंबईत, कित्येक महिन्यांनी काढली. शेजारची दाढही तोवर गेली होती.

आमचं दुखणं दाढेवर निभावलं. एप्रिल 2021 मध्ये ‘इटल लिबेरा’ या जहाजाचा इटालियन कॅप्टन बोटीवरच वारला. त्याचा मृतदेह उतरवून घ्यायला एकामागून एक देशांनी नकार दिला. अखेर जहाज माल घेऊन जायचं सोडून माघारी वळलं आणि जूनमध्ये इटलीत टारांटोला पोचलं. कायदा जिवंत माणसाला लागू झाला नाही आणि मेलेल्यालाही नाही.

दुसरी तक्रार चीनच्या बंदरांबाहेर उभ्या राहिलेल्या दोन जहाजांची. ती तुमच्या खात्यांना चांगली आठवत असेल. ‘जग आनंद’ 13 जून 2020 पासून जिंगतांगबाहेर नांगरून होतं, 23 भारतीय खलाशी घेऊन. ‘अनास्तासिया’ 20 सप्टेंबरपासून काओफेइदियानबाहेर, 16 भारतीय. दोन्हीत ऑस्ट्रेलियाचा कोळसा. चीनचं आणि ऑस्ट्रेलियाचं तेव्हा व्यापारावरून बिनसलं होतं, ते सगळ्या जगाला माहीत होतं. खलाशी न बदलू देण्याचं कारण मात्र कोरोनाचं सांगितलं गेलं. ‘जग आनंद’ची माणसं सुटली ती चीनमध्ये नव्हे. जहाज जानेवारी 2021 मध्ये जपानमधल्या चिबाला नेलं तेव्हा सुटली. ‘अनास्तासिया’ची त्यानंतर, फेब्रुवारीत. आपल्या वकिलातीनं पाठपुरावा केला, हे मी नाकारत नाही. पण पाठपुरावा म्हणजे विनंती. ‘तुम्ही कलम 28 मोडलं आहे, कलम 43 खालचा तुमचा खुलासा दाखवा’ असं भारतानं चीनला लेखी विचारलं का? विचारलं असेल तर ते पत्र आता खुलं करायला हरकत काय? साथीच्या नावाखाली व्यापाराचं भांडण चालवता येतं, हे एकदा खपून गेलं की पुढच्या साथीत ते करणारे आणखी निघतील.

हे दोन जहाजांपुरतं नव्हतंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजानुसार 2020 च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवर अडकले होते, आणि जवळपास तितकेच घरी बसून बोटीची वाट पाहत होते. या संघटनेनं 5 मे 2020 लाच खलाशी सुरक्षितपणे बदलण्याची 12 टप्प्यांची कार्यपद्धती देशांना पाठवली होती. म्हणजे कसं करायचं ते माहीत होतं. डिसेंबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं साफ सांगितलं की देश करार पाळत नाहीत, आणि इतके महिने उलटल्यावर ‘अपरिहार्य परिस्थिती’ ही सबब आता चालणार नाही. त्याच महिन्यात इंडोनेशियाच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत खलाशांसाठी ठराव झाला. त्यानंतरही आमच्या वाडीतले दोघे चार-पाच महिने बोटीवरच होते.

तिसरी तक्रार तुलनेनं कमी बोलली जाते. घरी अडकलेल्यांची. बोटीवर असतानाच पगार, उतरला की शून्य, हे आमचं गणित. एप्रिल 2021 मध्ये डेल्टा पसरला तेव्हा सिंगापूर, अमिरातीतलं फुजैरा अशा बंदरांनी भारतातून आलेल्या खलाशांना चढायला-उतरायला बंदी केली. भारतात राहणाऱ्याला भारतातूनच यावं लागणार, त्याला इलाज काय? मालकांनी दुसऱ्या देशांची माणसं घेतली. मग लशीचा घोळ. कोव्हॅक्सिन घेतलेल्याला ती जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत यायची वाट पाहावी लागली, 3 नोव्हेंबर 2021 पर्यंत. म्हणून सगळे कोविशिल्डमागे धावले. तर तिच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर. जूनमध्ये ते परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी 28 दिवसांवर आणलं, त्याबद्दल सरकारचे आभार. आणि जुलै उजाडला तर युरोपचा डिजिटल दाखला पुण्याच्या कोविशिल्डला ओळखेना! तीच लस, युरोपातल्या कारखान्यात बनली की चाले. ब्रिटननं पुण्याहून लाखो डोस मागवून स्वतःच्या लोकांना टोचले होते, आणि सप्टेंबरमध्ये त्यांनीच भारतीय दाखल्यावर शंका काढली. तेव्हा भारतानं काय केलं? ब्रिटिश प्रवाशांवर 4 ऑक्टोबरपासून तशीच बंधनं घातली, आणि आठवड्याभरात ब्रिटन नमलं. जाब विचारला की उत्तर मिळतं, हे तुम्हीच तेव्हा दाखवून दिलंत. विमानानं जाणाऱ्यांसाठी जे जमलं, ते बोटीवरच्या माणसासाठी का जमू नये?

चौथी तक्रार आपल्याच सरकारबद्दल आहे, आणि ती वगळून हे पत्र लिहिलं तर ते खोटं होईल. एप्रिल 2020 मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ हे प्रवासी जहाज मुंबईबाहेर येऊन थांबलं होतं, त्यावर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी होते. मायदेश समोर दिसत होता आणि मायदेशाचीच परवानगी नव्हती. गोव्यात खलाशांच्या घरच्यांनी आवाज उठवला, मुंबईत संघटनांनी. 21 एप्रिलला गृह मंत्रालयानं कार्यपद्धती काढली आणि दोन दिवसांनी ती माणसं उतरली. त्याआधी पाच ठिकाणांहून हाकललेलं ‘वेस्टरडॅम’ हे प्रवासी जहाज कंबोडियानं फेब्रुवारीतच बंदरात घेतल्याचं जगानं पाहिलं होतं. कंबोडियाला जमलं, ते आपल्याला स्वतःच्या माणसांसाठीही महिनाभर जमलं नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन कायदा सांगायचा तर आपलं दार त्या कायद्यानं उघडायला हवं. चीनला जाब विचारताना आपली जीभ अडखळली असेल, तर त्याचं एक कारण हेही असावं, असं मला वाटतं.

‘प्रत्येक देशाला आपल्या लोकांना जपायचा हक्क आहे’ असं कोणी म्हणेल. आहेच. आमच्या गावानंही तेव्हा वेशीवर बांबू आडवे टाकले होते. मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवलं होतं. पण शाळेत ठेवलं, जेवण दिलं आणि चौदा दिवसांनी घरी सोडलं. खाडीत होडीत बसवून ठेवलं नाही. कायदाही देशांकडे एवढंच मागतो : तपासा, वेगळं ठेवा, पण उतरू द्या.

आता नव्या करारांकडे वळते. 20 मे 2025 ला जिनिव्हात महासाथ करार मंजूर झाला. रोगजंतूंचे नमुने आणि त्यांतून मिळणाऱ्या लशी-औषधांचा वाटा यांचं परिशिष्ट मागे ठेवून मंजूर झाला, ते वादाचं आहे आणि भारतासारख्या देशांनी त्यावर घट्ट राहावं. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट दिसली. करार स्पष्ट म्हणतो की प्रवाशांना बंदी घाला किंवा त्यांना घ्या, असा हुकूम जागतिक आरोग्य संघटनेचं सचिवालय कोणत्याही देशाला देऊ शकत नाही. ठीक. मग एखाद्या देशानं नियम मोडला तर त्याला विचारायचं कोणी? दुसऱ्या देशानं. तिसरं कोणी नाही. बोटीचा मालक एका देशाचा, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, माल आणखी कोणाचा. बोटीवरच्या खलाशाकरता कोणी बोलायचंच असेल, तर ज्याचा पासपोर्ट त्याच्या खिशात आहे तो देश उरतो. तो देश तुम्ही आहात.

हत्यारंही आता वाढली आहेत. आरोग्य नियमावलीतल्या दुरुस्त्या 19 सप्टेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि अंमलबजावणी पाहायला सदस्य देशांची समिती आली. ती शिक्षा करत नाही, पण तिच्यासमोर विषय मांडता येतो. उपचारासाठी उतरवण्याची आणि मृतदेह घरी पोचवण्याची सागरी कामगार करारातली दुरुस्ती डिसेंबर 2024 पासून लागू आहे. खलाशांना अत्यावश्यक कामगार मानणारी 2025 ची दुरुस्ती डिसेंबर 2027 मध्ये लागू व्हायची आहे. आपल्या संसदेनंही 2025 मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा केला. कागद भरपूर झाले. 2020 लाही कागद होतेच.

म्हणून मागण्या, सरळ शब्दांत :

1. मार्च 2020 ते मे 2023 या काळात भारतीय खलाशांना कोणत्या देशाच्या कोणत्या बंदरानं उतरू, चढू किंवा उपचार घेऊ दिले नाहीत, याची नोंद नौवहन महासंचालनालयानं जाहीर करावी. माणसांची नावं नकोत. बंदर, तारीख आणि सांगितलेलं कारण पुरे.

2. त्या काळात कलम 43 किंवा 56 खाली, किंवा सागरी कामगार कराराखाली, भारतानं कोणत्या देशाकडे लेखी विचारणा केली ते संसदेत सांगावं. केली नसेल तर तसं सांगावं.

3. पुढच्या वेळी भारतीय खलाशाला बंदरात उपचार नाकारले गेले, तर किती तासांत कोणतं खातं कोणाला लिहील, याचा लेखी क्रम ठरवावा. रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक माणूस त्यात असावा, आणि तो मराठी, कोंकणी, मल्याळम, तमिळ, बंगाली बोलणाऱ्या घरच्यांशी बोलू शकावा.

4. जहाजमालक आणि झेंड्याचा देश दोघांनी हात वर केले, तर खलाशाच्या स्वतःच्या देशाला त्याला आणून नंतर खर्च वसूल करता येतो, अशी तरतूद सागरी कामगार करारात आहे. त्यासाठी वेगळा निधी ठेवावा. ‘वसूल होईल की नाही’ या वादात माणूस समुद्रात राहू नये.

5. भारतीय बंदरांसाठी हेच नियम, परदेशी खलाशांनाही धरून, आधी जाहीर करावेत. फिलिपिन्सचा किंवा इंडोनेशियाचा पोरगा न्हावा-शेवा बंदरात तापानं फणफणला असेल, तर त्याला उरण-पनवेलच्या दवाखान्यात नेणारी गाडी कोण पाठवणार हे आजच ठरलेलं असावं.

6. 20 टक्क्यांच्या उद्दिष्टाच्या प्रत्येक जाहिरातीबरोबर, बंदरं पुन्हा बंद झाली तर सरकार काय करील, हे छापावं.

नवरा सध्या बोटीवर आहे. माझा भाऊ पुढच्या महिन्यात पहिल्यांदा साइन ऑन करतो आहे, म्हणजे बोटीवर रुजू होतो आहे. त्याची सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, परवाच हातात आली. निदान पहिल्या दोन मागण्यांचं उत्तर तो चढायच्या आत मिळावं. त्यासाठी नवा करार लागत नाही, कपाटातल्या फायली उघडाव्या लागतील.

आपली,
एका खलाशाची बायको आणि एकाची बहीण
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी